दोरीवरची बाळोती

यंदा आषाढ निम्मा सरला आणि आमच्या सोप्यातली दोरी पुन्हा पांढऱ्या फडक्यांनी भरली. शेजारच्या हौसावहिनी विरजणाला दही मागायला आल्या, त्या दोरीकडं बघतच उंबऱ्यात थांबल्या. "आगं बया, कोन बाळंतीन आली म्हनायची?" त्यांनी हसत विचारलं. मी म्हटलं, "कुनी न्हाई, वहिनी. मामांची हायती." त्यांचं हसू तोंडावरच विरलं. दही न घेताच त्या माघारी गेल्या.

मामा म्हणजे माझे सासरे. वैशाखात त्यांच्या अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. दवाखान्यातून घरी आणताना मोठ्या माणसांच्या डायपरचे गठ्ठे बरोबर आणले होते. पण पाऊस लागल्यावर त्या दमटपणात त्यांच्या कातडीला ते सोसेनात. कमरेखाली लाल चट्टे उठले, मग सोलवटायला लागलं. उपकेंद्रातल्या सिस्टर येऊन बघून गेल्या. म्हणाल्या, "दिवसभर तरी सुती फडकी वापरा. जुनी, मऊ. आणि ओली झाली की लगेच बदला." मी ट्रंक उघडली. माझ्या दोन सुती साड्या आणि आत्यांची, म्हणजे माझ्या सासूबाईंची, राहिलेली लुगडी बाहेर काढली. आत्या जाऊन आता दोन पावसाळे झाले. लुगडं फाडायला बसले तर आवाजच येईना. नवं कापड फाडलं की चर्रर्र होतं, जुनं नुसता एक श्वास सोडल्यासारखं सुटतं. तो आवाज या घरात मी पूर्वी ऐकला होता. तेव्हा मी खाटेवर पडून होते आणि फाडणारे मामा होते.

कराडच्या पश्चिमेला कोयनेच्या काठी आमचं गाव. इकडं आषाढात लागलेली झड भादव्यापर्यंत हटत नाही. भिंतींना ओल येते, काड्यापेटीची काडी ओढता ओढता मोडते, अंगावरचे कपडेसुद्धा कधी पूर्ण कोरडे म्हणून वाटत नाहीत. माझं माहेर सांगलीचं, हळदीच्या पेठेमागच्या गल्लीतलं. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं ठरलं होतं. आई मी शाळेत असतानाच गेलेली, पण वहिनीनं सगळी तयारी करून ठेवली होती. दुपटी शिवली होती, डिंक आणि अळीव आणून ठेवले होते. पण त्या वर्षी कृष्णेला पाणी आलं आणि चढतच राहिलं. आमच्या गल्लीत शिरलं, घरात शिरलं. भावानं वडलांना पाठीवर घेऊन बाहेर काढलं आणि सगळे मिरजेला नातेवाइकांकडं गेले. पेठेतली पोती भिजून पाणी पिवळं झालं होतं, असं भाऊ फोनवर सांगत होता, आणि मी इथं पोटावर हात ठेवून ऐकत होते. वहिनीची दुपटी त्या पाण्यात गेली.

म्हणून सई कराडला जन्मली. सिझर झालं. सईचे बाबा तेव्हा फौजेत, दूर उत्तरेला कुठल्या तरी उंच चौकीवर होते. मुलगी झाल्याचं त्यांना दुसऱ्या दिवशी कळलं. फोनवर खरखर फार होती. ते एवढंच विचारत राहिले, "रडती का? रडायचा आवाज ऐकीव की." आणि नेमकी तेव्हा सई झोपलेली होती.

घरी आलो आणि त्याच आठवड्यात आत्या घरामागच्या परड्यातल्या शेवाळावरून घसरल्या. मनगट मोडलं, कोपरापर्यंत प्लॅस्टर बसलं. बाळाला न्हाऊ घालायला एक बाई येत होती. ती बाळाला चोळायची, न्हाऊ घालायची, धुरी द्यायची. पण बाळोत्यांच्या ढिगाकडं बोट दाखवून तिनं पहिल्याच दिवशी सांगितलं, "ह्यातलं माझ्याकडं काय न्हाई." मला टाक्यांमुळं खाली बसता येत नव्हतं. न्हाणीच्या कोपऱ्यात ढीग वाढत चालला. तिसऱ्या प्रहरी मला पडल्या पडल्या बादलीच्या कडीचा आवाज आला. मान वळवून पाहिलं, तर मामा ती बादली घेऊन परड्याकडं निघाले होते.

मामा कसे होते हे सांगितल्याशिवाय त्यात एवढं काय, ते कळायचं नाही. फौजेतून हवालदार होऊन परतलेला उंच माणूस, भरघोस मिशा, बोलणं मोजकं. लग्नाला दोन वर्षं होत आली होती, पण मी त्यांच्यासमोर कधी बसले नव्हते. ते घरात यायच्या आधी अंगणात खाकरायचे, मला पदर सावरता यावा म्हणून. जेवायला वाढताना त्यांच्या ताटाकडं बघायचं, तोंडाकडं नाही, एवढंच मला माहीत होतं. तो माणूस माझ्या पोरीची घाण धुवायला निघाला होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी आत्यांना म्हटलं, "आत्या, आवं त्यांना नको म्हना की. मी करते काय तरी."

आत्या प्लॅस्टरचा हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या. त्यांनी मुद्दाम परड्यात ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "करू दे. माझ्या टायमाला एक बाळुतं हातात धरलं न्हाई ह्या मानसानं."

"तवा सुट्टी कुठं हुती?" बाहेरून आवाज आला.

"मागितली हुतीसा का कवा?"

यावर परड्यातून नुसता दगडावर कापड आपटल्याचा आवाज येत राहिला.

मामांनी ते काम फौजेतलं काम असल्यासारखं अंगावर घेतलं. ओली वेगळी, घाण झालेली वेगळी. आधी साधं पाणी, मग चुलीवरचं कढत पाणी आणि साबण, मग पुन्हा साधं पाणी, आणि ते पाणी नितळ दिसेपर्यंत. ते ओंजळीत पाणी घेऊन नाकाशी नेत. साबणाचा वास राहिला असेल तर परत खळबळून काढत. म्हणायचे, "साबन ऱ्हायला की कातडं जळतंय लेकराचं." धुऊन झालं तरी तान्ह्या बाळाचे ते पिवळे डाग पूर्ण जात नसत. ते उन्हानंच जातात, आणि ऊन तर नव्हतंच. बाळोती कमी पडायला लागली तेव्हा मामांनी आपलं एक जुनं धोतर फाडलं. मग दुसरं. काहींना त्यांनी नाड्यासुद्धा लावल्या, दाभणानं, पोत्याला टाके घालतात तशा. तिकोनी लंगोट, चौकोनी दुपटी, सगळं एका मापाचं.

वाळवणं हे तर रोजचं युद्ध होतं. सोप्यात दोरी, पडवीत दोरी, गोठ्यात म्हशीच्या वरसुद्धा दोरी. मग त्यांनी बुरडाकडून कोंबड्या झाकायचं नवं डालगं आणलं. शेगडीत बाभळीचे विस्तव करायचे, धूर पार निघून जाईपर्यंत थांबायचं, वर डालगं उपडं घालायचं आणि त्याच्यावर बाळोती पसरायची. वीज गेली की तांब्यात निखारे भरून त्याच्या बुडानं ते ती इस्त्री करत. सगळ्या घरात एक उबदार वास भरून राहायचा. साबण, राख, शेपा, दूध, ओली माती, असा मिळून एक. सईच्या अंगाला तो वास होता. पुढं तो गेला, आणि कशानंच परत आला नाही. ती झोपलेली असताना मी कितीदा तिच्या मानेत नाक खुपसून शोधला असेल.

गावात हसले लोक. दुधाच्या डेअरीवर जाताना एकजण परड्याच्या कुंपणावरून ओरडला, "हवालदार, पेन्शन पुरंना व्हय? धोबीघाट काढलासा!" मामांनी मान वर केली नाही. "व्हय. तुजी बी टाक आनून. धुतो," म्हणाले. तो मनुष्य परत त्या बाजूनं दुधाला गेला नाही, असं आत्या सांगत. मी मात्र खोलीत कानकोंडी होऊन बसायचे.

टाके भरत आले तशी मी सईला घेऊन परड्याच्या दाराशी, उंबऱ्याच्या आत, पाटावर बसायला लागले. तिथं जरा उजेड असायचा. मामा पत्र्याखाली दगडावर बसलेले, माझ्याकडं पाठ. आधी दोन-चार दिवस नुसता पावसाचा आणि कपडे आपटण्याचा आवाज होता. मग एकदा ते बोलायला लागले. माझ्याशी बोलत होते असं म्हणता येणार नाही. समोर गोठ्यात म्हैस होती, तिच्याकडं तोंड करून ते बोलत. पण म्हशीला कशाला कोण सांगेल की, पहिल्या सुट्टीला घरी आलो तर पोरगं चालायला-बोलायला लागलेलं, आणि त्यानं आईचा पदर धरून विचारलं, 'ह्यो मानूस कवा जानार?'

"मी म्हनलं, जाईन की रं, महिन्यानं जाईन," मामा म्हणाले. "तवा कुटं गप झालं ते."

त्यांनी बाळोतं पिळलं. पाणी निथळून संपलं तरी ते पिळतच राहिले. मग म्हणाले, "आता त्याचं बी तसंच चाललंय." ते पोरगं म्हणजे सईचे बाबा.

त्या दुपारांमध्ये मी फक्त 'व्हय' आणि 'न्हाई' एवढंच बोलले. आज वाटतं, किती विचारायचं राहिलं. बर्फात पाय कसे बधिर होत, तिकडं कोणाच्या हातचं जेवत, घरची आठवण आली की काय करत. तेव्हा मामा आपणहून बोलत होते, मन मोकळं करायला त्यांना कोणीतरी मिळालं होतं, आणि मी पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसले होते. वाईट वाटायचं, ऐकावंसंही वाटायचं, पण सासऱ्याला प्रश्न विचारतात हे मला ठाऊकच नव्हतं.

गौरी-गणपती झाल्यावरची गोष्ट. झड जरा ओसरली होती, पत्र्याच्या टोकावरून थेंब गळत होते. सई मांडीवर. मामांनी पाठमोरंच हाक मारली, "सुरेखा." त्यांनी मला नावानं हाक मारायची ती पहिलीच वेळ. एरवी 'सूनबाई' किंवा नुसतंच 'आगं'.

"सांगलीत कालेज केलंस म्हनं तू."

"व्हय."

"कशात?"

"बी.एस्सी. गणितात."

"मंग म्होरं काय व्हायचं हुतं तुला?"

कॉलेजात असताना मी रोज मनातल्या मनात फळ्यासमोर उभी राहून शिकवायचे. रस्त्यानं जातानासुद्धा. बी.एड.चा अर्ज भरायच्या आधीच स्थळ आलं, फौजेतला मुलगा, बागायती ऊस, आणि आई नसलेली मुलगी वडलांना लवकर उजवायची होती. त्याबद्दल मी कोणालाच काही म्हटलं नव्हतं. कोणी विचारलंही नव्हतं. विचारणारा हा पहिला माणूस, आणि तो माझ्याकडं पाठ करून लंगोट धूत होता.

"काय न्हाई, मामा," मी म्हटलं.

"काय न्हाई कसं? गनित काय उगं कोन शिकतंय व्हय?" त्यांनी लंगोट पिळून बाजूला ठेवला. "कराडात मास्तरकीचं कालेज हाय. सकाळची येष्टी हाय, सांजची माघारी हाय. पोरगीनं जरा मान धरली की जा. बाळुती मी बघतो. ह्येचं काय मला जड न्हाई."

मी सईच्या टाळूकडं बघत होते. टाळू उडत होती, मऊ. मला 'व्हय' म्हणायचं होतं. आजवर तोच एक शब्द मी त्यांच्याशी सारखा बोलत आले होते. पण डोक्यात एकाच वेळी किती जण बोलायला लागले. आत्या काय म्हणतील, सईचे बाबा काय म्हणतील, गाव काय म्हणेल, की सासऱ्याला बाळोती धुवायला लावून ही एसटीत बसून चालली. मी "नको" म्हटलं. इतक्या हळू, की त्यांना ऐकू गेलं नसावं असंच वाटलं.

"बरं," ते म्हणाले, आणि पुढचं बाळोतं उचललं.

मी ठरवलं, सईच्या बाबांना विचारून मग सांगू. फोन लागला तेव्हा ते म्हणाले, "सुट्टीला आलो की निवांत बोलू." दिवाळीला ते आले. सईनं त्यांच्याकडं पाहिलं आणि किंचाळून रडली. सगळी सुट्टी तिला आपल्याकडं ओढण्यात गेली. ते तिच्यासमोर चमचा वाजवायचे, टाळ्या वाजवायचे, आणि मामा ओट्यावरून ते बघत बसायचे. जायच्या आदल्या दिवशी ती त्यांच्या खांद्यावर झोपली. तेव्हा त्यांनी कोणाला हलूसुद्धा दिलं नाही. मी त्या माणसाशी कॉलेजचं कधी बोलणार होते?

तोवर ऊन पडलं होतं. कडक, पांढरं, दसऱ्यानंतरचं ऊन. बाळोती तासाभरात वाळायला लागली, ते पिवळे डागही उडून गेले. आत्यांचं प्लॅस्टर निघालं, माझे टाके भरले, आणि कोणी काही न सांगता बादली परत बायकांकडं आली. मामा ऊसतोडीच्या गडबडीत शेतावर गेले. ते परत अंगणात खाकरायला लागले, मी परत पदर घ्यायला लागले. परड्याच्या दाराशी त्यांचं आणि माझं पुन्हा कधी बोलणं झालं नाही. मला वाटायचं, ते परत एकदा विचारतील. एकदाच विचारतील, आणि मी या वेळी नीट उत्तर देईन. पण ते कशाला विचारतील? मी नको म्हटलं होतं, आणि फौजेतल्या माणसानं ते ऐकलं होतं.

सई शाळेत जायला लागल्यावर संध्याकाळी मी तिला गणित शिकवायचे. मागाहून आळीतली आणखी दोन-चार पोरं येऊन बसायला लागली. मामा बाहेर ओट्यावर बसलेले असायचे, रस्त्याकडं तोंड करून. माझं शिकवणं संपलं की उठून गावात जायचे. त्याआधी कधी उठले नाहीत. हे माझ्या लक्षात यायलाही काही वर्षं गेली. एकदा मनात आलं, बाहेर जाऊन म्हणावं, मामा, तुम्ही विचारलं होतं त्याचं उत्तर हे आहे. चहा नेऊन दिला आणि परत आले.

आता सई सांगलीला माझ्या भावाकडं राहून अकरावीत शिकते. वडलांशी अदबीनं बोलते, पाहुण्याशी बोलावं तशी. ते फौजेतून आले आणि शिरवळच्या एका कारखान्यात सुरक्षेच्या कामावर लागले. तिथंच खोली आहे, शनिवारी घरी येतात. आपल्या वडलांची बाळोती पहिल्यांदा दोरीवर पाहिली तेव्हा त्यांनी खांद्यावरची पिशवी सोप्यातच खाली ठेवली. मग सदऱ्याच्या बाह्या वर सारून म्हणाले, "कुठल्या बादलीत हायती?" मी दाखवली. परड्यातून कापड आपटल्याचा आवाज यायला लागला, तशी मामांनी खाटेवर डोळे मिटून घेतले. त्यांना काय वाटत होतं, कुणास ठाऊक.

एरवीचे सहा दिवस मीच असते. पहिल्या दिवशी मी फडकं बदलायला गेले तर मामांनी डाव्या हाताच्या मुठीत ते गच्च धरलं. सोडेनात. चेहरा भिंतीकडं. मानेच्या शिरा ताठलेल्या. त्या एका हातात अजून एवढी ताकद असेल असं मला वाटलं नव्हतं. मी खाली बसले. म्हटलं, "मामा, सोडा. तवा मी लाजले, त्यात माझंच नुकसान झालं. आता तुमी लाजू नका." मुठीचं एकेक बोट सैल झालं. मी काम केलं, पावडर लावली, पांघरूण सारखं केलं. त्यांनी तोंड वळवलं नाही, पण डोळ्याच्या कोपऱ्यातून पाणी उशीवर गेलं.

तेव्हापासून मी बोलत असते. मामांसमोर मी इतकी कधीच बोलले नव्हते. उसात पाणी साचलं, सईला चाचणीत चांगले गुण पडले, म्हशीनं लाथ मारली, जे असेल ते. पदर खांद्यावरच असतो. ते ऐकतात. डोळे माझ्या मागं मागं फिरतात.

गेल्या पंधरवड्यात एका दुपारी दोरीवरची फडकी चाचपून बघत होते. मामा जागे होते. काय वाटलं कोणास ठाऊक, मी हातातलं तसंच टाकलं आणि त्यांच्या उशाशी जाऊन बसले. म्हटलं, "मामा, मला गणिताची मास्तरीण व्हायचं होतं. तुमी विचारलं तवा सांगायला पाहिजे होतं. मला कराडला जायचं होतं."

त्यांचे ओठ हलायला लागले. घशातून आवाज आला, ओढलेला, तुटका. काही तरी शब्द होता, नक्की होता. त्यांनी परत म्हटला. परत. मी कान जवळ नेला. "पानी?" विचारलं, मान हलली, नाही. "सई?" नाही. "आत्या?" नाही. त्यांनी डाव्या हातानं खाटेची पट्टी आपटली आणि सगळा जीव गोळा करून तेच परत म्हटलं. मला कळलं नाही. शनिवारी सईच्या बाबांना जवळ बसवलं, त्यांनाही कळलं नाही. सई आली तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. कॉलेजचं, बाळोत्यांचं, सगळंच. ती आजोबांच्या छातीवर डोकं ठेवून किती वेळ ऐकत बसली, पण तोवर त्यांनी तो शब्द म्हणायचं सोडून दिलं होतं.

काल मी पुन्हा विचारलं, "मामा, त्या दिवशी काय सांगत व्हता?" बाहेर पाऊस धरून होता. त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि मग डोळे मिटून घेतले. विसरले असतील. किंवा आता सांगून काय उपयोग, असंही त्यांना वाटलं असेल. यातलं खरं काय, ते मला आता कधीच कळायचं नाही.